लाइव्ह पोकरमध्ये बेटिंग लिमिट कसं समजून घ्यायचं: अ‍ॅपवरून थेट टेबलावर येणाऱ्यांसाठी

अ‍ॅपवर पोकर खेळलेल्या माणसाला लिमिट, म्हणजे एका वेळी किती लावता येतं याची मर्यादा, हा विषय कधी शिकावाच लागत नाही. कमीत कमी किती रेझ (समोरच्याच्या बेटवर वाढ) चालेल, जास्तीत जास्त किती, पॉट (मध्ये जमलेले सगळे पैसे) किती झालाय, सगळं स्लायडर सांभाळतो आणि तो चुकीच्या आकड्यावर जातच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला, पैशाचे ऑनलाइन टेबल बंद झाले, आणि आता खेळायचं तर गोवा असं म्हणत मुंबई-पुण्याकडची मंडळी पणजीला मांडवीतल्या बोटीवर पहिल्यांदा लाइव्ह टेबलावर बसतात. पोझिशन, ऑड्स, रेंज सगळं येत असतं त्यांना. पण लाइव्हला स्लायडर नाही, जे तोंडातून निघालं ते बंधनकारक आणि जे हाताने पुढे सरकवलं तेही बंधनकारक, त्यामुळे चांगला खेळणारा माणूससुद्धा पहिल्या तासात नुसत्या लिमिटच्या गोंधळात पैसे घालवतो आणि ते मला खरंच वाईट वाटतं, कारण हे सगळं एका बैठकीत शिकण्यासारखं आहे.

आधी जागेचं पटकन सांगतो. गोव्यात १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलात मशीनना परवानगी मिळाली आणि १९९६ च्या दुरुस्तीने बोटीवर लाइव्ह टेबल गेमला. वय २१ पूर्ण लागतं, ओळखपत्र बघतात, आणि फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोंयकारांना कॅसिनोत खेळायला प्रवेश नाही. महाराष्ट्रात कॅसिनोचा एक कायदा १९७६ मध्ये झाला होता पण तो कधी लागूच झाला नाही आणि पुढे रद्द केला, त्यामुळे इथे कायदेशीर कॅसिनो नाही. कुणाच्या फ्लॅटवर कट घेऊन चालणाऱ्या गेममध्ये बसणं म्हणजे जुगारबंदी कायद्याचा धोका पत्करणं, आणि तिथे वाद झाला तर मिटवायला कुणी नसतं. मी तरी कुणाला तो सल्ला देणार नाही.

आता बोर्डावरचा आकडा. पोकर रूममध्ये स्क्रीनवर १००/२०० असं लिहिलेलं दिसलं की बहुतेकांना वाटतं कळलं. पण हा आकडा कशाचा आहे ते खेळाच्या प्रकारावर ठरतं. नो-लिमिट आणि पॉट-लिमिटमध्ये तो ब्लाइंडचा, म्हणजे पत्ते बघायच्या आधीच दोघांना टाकावे लागणाऱ्या पैशांचा, आकडा असतो, म्हणजे स्मॉल ब्लाइंड १००, बिग ब्लाइंड २००, आणि बेट त्याच्या कितीतरी वर जाऊ शकते. फिक्स्ड-लिमिटमध्ये तोच १००/२०० हा बेटचा आकडा असतो, पहिल्या दोन राउंडला १०० ची बेट आणि नंतरच्या दोन राउंडला २०० ची, आणि ब्लाइंड बहुतेक ठिकाणी त्याच्या निम्मे म्हणजे ५०/१०० असतात. आकडा एकच पण खेळ पूर्ण वेगळा. आपल्याकडे फिक्स्ड-लिमिट क्वचित दिसतं, पण अमेरिकेला नोकरीला किंवा मुलांकडे गेलेले लोक तिथल्या कार्डरूममध्ये ४/८ बघून बसतात आणि शेजारच्या टेबलावरच्या २/५ पेक्षा हे मोठं असं समजतात. प्रत्यक्षात उलट आहे, २/५ नो-लिमिट हा कितीतरी मोठा खेळ आहे.

नो-लिमिटपासून सुरू करू कारण टेक्सास होल्डम बहुतेक याच पद्धतीने खेळतात. वरची मर्यादा म्हणजे तुमच्या समोरच्या सगळ्या चिप्स. पण खालची मर्यादा आहे आणि लोक चुकतात ते तिथे. नियम असा की तुमचं रेझ निदान मागच्या रेझएवढं तरी हवं. ब्लाइंड १००/२००, एकाने ६०० केले. त्याने २०० वर ४०० वाढवले. म्हणजे तुम्हाला पुन्हा रेझ करायचं तर अजून निदान ४०० वाढवायचे, एकूण १०००. दुप्पट म्हणजे १२०० लागतात असं पुष्कळ जण मानतात, तसं नाही, वाढ मोजायची, एकूण आकडा नाही.

मग कुणी तोंडाने काही न बोलता ९०० पुढे सरकवले तर? आंतरराष्ट्रीय टूर्नामेंट डायरेक्टर्सची टीडीए नावाची संघटना आहे, तिची नियमावली पुष्कळ रूम कॅश गेमलाही वापरतात, थोडेफार बदल करून. त्यात असं आहे की लागणाऱ्या वाढीच्या निम्मे किंवा जास्त टाकले तर तुम्हाला पूर्ण रेझ करावंच लागतं, निम्म्यापेक्षा कमी टाकले तर तो नुसता कॉल, म्हणजे समोरच्याएवढेच टाकणं. इथे वाढ ४०० हवी होती, तुम्ही ३०० टाकलीत, म्हणजे अजून १०० काढा आणि १००० पूर्ण करा. ७५० टाकले असते तर वाढ फक्त १५० ची, त्यामुळे ६०० चा कॉल आणि वरचे १५० परत. आणि टाकण्याआधी तोंडाने रेझ म्हणाला असाल तर मग कॉल वगैरे नाही, निदान १००० द्यायचेच.

एकच मोठी चिप टाकायची सवय तर फार महागात पडते. समोर २०० ची बेट आहे, तुमच्या मनात आहे १००० करायचं, तुम्ही १००० ची एक चिप गुपचूप टाकली. तो कॉल धरला जातो, ८०० परत मिळतात आणि तुमच्या राजांच्या जोडीवर चार लोक स्वस्तात फ्लॉप (टेबलावर उघडणारे पहिले तीन सामाईक पत्ते) बघतात. आधी बोला, मग टाका. मात्र फ्लॉपनंतर तुमच्या आधी कुणी बेट केलेली नसेल तर तीच न बोलता टाकलेली १००० ची चिप पूर्ण हजाराची बेट होते, तिथे परत काही येत नाही.

बोलतानाही एकूण आकडा बोला. "अजून सहाशे" म्हटलं की डीलर थांबतो, समोरचा म्हणतो सहाशे केले ना, तुम्ही म्हणता नाही वरती सहाशे, आणि फ्लोअरला, म्हणजे वाद मिटवणाऱ्या रूमच्या माणसाला, बोलवायची वेळ येते. "टोटल बाराशे" म्हणा, विषय संपला. अर्धवट आकडेही टाळा. "पाच" म्हणालात, पाचशे की पाच हजार? टीडीएच्या नियमात अशा वेळी पॉटएवढा किंवा त्याहून कमी असलेला सगळ्यात मोठा वाजवी अर्थ धरतात, म्हणजे पॉट ३००० चा असेल तर तुमचे पाच म्हणजे ५००, पण पॉट ६००० चा झाला असेल तर पाच म्हणजे ५०००. हे माहीत नसलेल्या माणसाचा एका शब्दात स्टॅक (समोरच्या सगळ्या चिप्स) जाऊ शकतो. आणि चिप्स एकाच हालचालीत पुढे न्या. थोड्या टाकल्या, समोरच्याचा चेहरा बघितला, मग परत स्टॅककडे हात नेऊन अजून टाकल्या, याला स्ट्रिंग बेट म्हणतात आणि दुसरा हप्ता धरत नाहीत. आकडा आधी बोललेला असेल तर मग कितीही वेळा हात न्या, काही हरकत नाही.

अजून एक बारकावा, जो अ‍ॅपवाल्यांच्या कधी लक्षातच आलेला नसतो कारण तिथे रेझचं बटणच गायब व्हायचं. फ्लॉपवर तुम्ही १००० बेट केली, एकाने कॉल केलं, तिसरा ऑल-इन गेला, म्हणजे त्याने सगळ्या चिप्स लावल्या, पण त्याच्याकडे एकूण १४०० च होते. त्याची वाढ ४०० ची, पूर्ण रेझला १००० हवी होती. अशा अपुऱ्या ऑल-इनने बेटिंग परत उघडत नाही, तुम्हाला वरचे ४०० देऊन कॉल करता येतं किंवा फोल्ड (पत्ते टाकून देणं), पण आता तुम्ही रेझ करू शकत नाही. ज्याची पाळीच अजून आली नाही तो मात्र रेझ करू शकतो, आणि त्याने पूर्ण रेझ केलं तर तुमचा रेझचा हक्क परत येतो. ज्यांना नुसता कॉल करून दुसऱ्याला पुढे येऊ द्यायचं आणि मग चढायचं अशी सवय आहे त्यांनी हे दोनदा वाचा. फिक्स्ड-लिमिटमध्ये हाच नियम जरा सैल असतो, तिथे निम्मी वाढसुद्धा बेटिंग उघडायला पुरते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नो-लिमिट म्हणजे अमर्याद असं ऐकून घरचे घाबरतात की एका डावात गाडी घर सगळं जाईल. तसं होत नाही कारण कॅसिनोतला खेळ टेबल स्टेक्सवर चालतो, डाव सुरू होताना तुमच्या समोर जेवढ्या चिप्स आहेत तेवढ्याच त्या डावात खेळतात. खिशातले पैसे नाहीत, कार्डावरचे नाहीत, हातातलं घड्याळ नाही. पुढच्या डावाआधी तुम्ही भर घालू शकता, तीही टेबलाच्या कमाल बाय-इनपर्यंत (बसताना घेता येणारी रक्कम).

त्यातून साइड पॉट येतो. समजा तिघं ऑल-इन गेले, एकाकडे ५,०००, दुसऱ्याकडे १२,०००, तिसऱ्याकडे २०,०००. मुख्य पॉट प्रत्येकी ५,००० चा, म्हणजे १५,०००, तो तिघांत कुणीही जिंकू शकतो. वरचा साइड पॉट दुसऱ्या-तिसऱ्यात, प्रत्येकी ७,०००, म्हणजे १४,०००. तिसऱ्याचे उरलेले ८,००० त्याला परत, ते खेळलेच नाहीत. म्हणजे त्या डावात तिसऱ्याची खरी मर्यादा १२,००० होती, २०,००० नाही. तुमचं लिमिट नेहमी तुमच्या आणि समोरच्याच्या स्टॅकमधला जो लहान आहे तो असतो, म्हणून बेट करायच्या आधी स्वतःच्या चिप्स मोजण्याइतकंच समोरच्याच्या चिप्सकडे बघा. मोठ्या किमतीच्या चिप्स पुढे, दिसतील अशा ठेवायचा नियम असतो. कुणी मागे लपवल्या असतील तर डीलरला सांगून पुढे करायला लावा, त्यात उद्धटपणा नाही.

म्हणूनच बसायच्या आधी ब्लाइंडपेक्षा बाय-इनची कमाल मर्यादा विचारा. १००/२०० च्या टेबलावर कमाल बाय-इन २०,००० असेल तर तो १०० बिग ब्लाइंडचा खेळ. पण काही टेबलांवर वरची मर्यादाच नसते किंवा टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या स्टॅकएवढे घेऊन बसायची मुभा असते. तिथे चार-पाच तास झाले की दोन जणांसमोर लाख-लाख रुपये असतात आणि बोर्डावर तोच १००/२०० चमकत असतो. आकडा बघून टेबल निवडू नका, दोन मिनिटं मागे उभं राहून चिप्सचे ढीग बघा. नवीन माणसाने कमाल मर्यादा असलेल्या टेबलावरच बसावं असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ती मर्यादा पूर्ण गेली तरी घरच्या हिशोबाला धक्का लागणार नाही एवढीच असावी.

बोर्डावरचा आकडा खोटा पाडणारी दुसरी गोष्ट म्हणजे स्ट्रॅडल. बिग ब्लाइंडच्या डावीकडचा माणूस पत्ते वाटायच्या आधीच बिग ब्लाइंडच्या दुप्पट, म्हणजे ४००, टाकतो. आता कॉल करायलाच ४०० लागतात आणि खेळ नावाला १००/२०० असून खरा २००/४०० झाला. तुम्ही २०,००० घेऊन १०० ब्लाइंडच्या हिशोबाने बसलात, आता तुमच्याकडे ५० च आहेत. काही टेबलावर सगळ्यांनी ठरवून प्रत्येक डावाला स्ट्रॅडल चालतं. ते बंधनकारक नसतं, पण तुम्ही नाही टाकलात तरी बाकीच्यांच्या स्ट्रॅडलमुळे खेळ मोठाच राहतो, त्यामुळे "इथे स्ट्रॅडल चालतं का, कुठून चालतं" हा प्रश्न बसायच्या आधीच विचारायचा.

पॉट-लिमिट हा प्रकार ओमाहाबरोबर येतो, चार पत्ती आणि आपल्याकडे आवडीने खेळतात ती पाच पत्ती. जास्तीत जास्त बेट पॉटएवढी हे सगळ्यांना माहीत असतं, पण पॉट म्हणजे नेमका किती हे मोजता येत नाही. गणित असं की आधी तुम्ही मनातल्या मनात कॉल करायचं, मग तयार झालेल्या पॉटएवढं रेझ. ब्लाइंड १००/२००, पहिली पाळी तुमची. पॉटमध्ये ३००, तुमचा कॉल २००, झाले ५००, त्यावर ५०० चं रेझ, एकूण ७००. टेबलावर बसून एवढं करत बसू नका, सोपी युक्ती आहे: शेवटच्या बेटची तिप्पट करा आणि त्याशिवाय पॉटमध्ये जे काही पडलंय ते मिळवा. २०० ची तिप्पट ६००, वर स्मॉल ब्लाइंडचे १००, झाले ७००. पुढच्याला यावर पॉट मारायचा, म्हणजे पॉटएवढं कमाल रेझ करायचं, तर ७०० ची तिप्पट २१०० आणि ब्लाइंडचे ३००, एकूण २४००. स्ट्रॅडल असेल तर ४०० ची तिप्पट १२०० आणि ३००, म्हणजे पहिलंच रेझ १५०० चं. ७०० आणि १५०० मधला फरक बघा, एका स्ट्रॅडलने दुपटीच्याही वर गेलं.

फ्लॉपनंतरही तेच. पॉट ५,०००, समोरच्याने ३,००० बेट केली. ३,००० ची तिप्पट ९,००० आणि आधीचे ५,०००, कमाल १४,०००. घरी पाच-दहा उदाहरणं कागदावर करा, मग टेबलावर आपोआप येतं. अडलात तर डीलरला पॉट विचारायचा तुमचा हक्क आहे, पॉट-लिमिटमध्ये तो मोजून सांगतो. नो-लिमिटमध्ये मात्र तो पॉट मोजून सांगत नाही, तिथे तुमचं तुम्हीच लक्ष ठेवायचं. हिशोब सोपा व्हावा म्हणून काही रूम स्मॉल ब्लाइंडलाही बिग ब्लाइंडएवढंच धरतात, म्हणजे पहिलं कमाल रेझ ७०० ऐवजी ८०० होतं. हेही विचारून घ्या.

आणि पॉट-लिमिट म्हणजे नो-लिमिटपेक्षा सुरक्षित ही समजूत कृपा करून डोक्यातून काढा. ७०० ला तिघं आले, फ्लॉपवर पॉट २,१००. एकाने पॉट मारला, एकाने कॉल केलं, झाले ६,३००. टर्नवर (चौथा सामाईक पत्ता) परत तेच, १८,९००. रिव्हरवर (पाचवा) परत, ५६,७००. दर राउंडला पॉट तिप्पट होतो. यात एका खेळाडूचे ७००, २,१००, ६,३०० आणि १८,९०० मिळून २८,००० जातात, म्हणजे १४० बिग ब्लाइंड, एकाही ऑल-इनचा उच्चार न करता. तुम्ही २०,००० घेऊन बसला असाल तर रिव्हरवर सगळे आत. त्यात ओमाहात सगळ्यांचे हात एकमेकांच्या जवळ असतात, फोल्ड करायला जीव होत नाही, म्हणून त्याच ब्लाइंडच्या होल्डमपेक्षा ओमाहात पैसे फार वेगाने वर-खाली होतात. नवीन असाल तर होल्डममध्ये खेळता त्याच्या निम्म्या ब्लाइंडचं ओमाहा शोधा.

फिक्स्ड-लिमिट समजायला सोपं. दिवाळीत तीन पत्ती खेळताना चाल मागच्या चालीवर चढत जाते, इथे तसं चढतच नाही, बेटचा आकडा आधीच ठरलेला. ४/८ मध्ये प्रीफ्लॉप आणि फ्लॉपला चार-चार डॉलरनेच बेट आणि रेझ, टर्न-रिव्हरला आठ-आठने, आणि एका राउंडला एक बेट अधिक तीन रेझ झाले की झाकण, पुढे रेझ नाही. काही ठिकाणी चार रेझ देतात, आणि दोघंच उरले असतील तर बऱ्याचदा झाकण काढतात. तीन रेझच्या हिशोबाने एका डावात जास्तीत जास्त १६, १६, ३२, ३२ म्हणजे ९६ डॉलर जातील. हे पत्ते हातात यायच्या आधीच माहीत असतं, आणि मला याच्यात शिकणाऱ्यासाठी फार मोठी सोय दिसते. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकरने ऑनलाइन सॅटेलाइटमधून (मोठ्या स्पर्धेत जागा मिळवून देणाऱ्या छोट्या स्पर्धेतून) येऊन वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचा मेन इव्हेंट आणि २५ लाख डॉलर जिंकले, त्यानंतर सगळ्यांना टीव्हीवर दिसतं तसं नो-लिमिटच हवं झालं. त्याआधी अमेरिकेच्या कार्डरूममध्ये फिक्स्ड-लिमिटचंच राज्य होतं. फिक्स्ड म्हणजे छोटा खेळ असंही नाही. अँडी बील या टेक्सासच्या बँकरने लास व्हेगासला व्यावसायिक खेळाडूंशी एकास एक लिमिट होल्डम खेळलं ते ५०,०००/१,००,००० डॉलर आणि त्याहून वरच्या लिमिटवर, आणि २००६ मध्ये त्यांच्यातल्या फिल आयव्हीने तीन दिवसांत त्याच्याकडून दीड कोटी डॉलरच्या वर जिंकले.

स्प्रेड-लिमिट हे मधलं. एक खालचा आकडा, एक वरचा, मधलं काहीही चालतं. हे बरेचदा सरकारी कायद्यातून आलेलं असतं. कोलोरॅडोत १९९१ पासून कुठलीही बेट कमाल ५ डॉलर, २००९ पासून १००, आणि २०२० च्या मतदानानंतर ही राज्याची मर्यादा उठली. मधल्या काळात तिथला पोकर २ ते १०० च्या स्प्रेडमध्ये खेळायचे. दिसायला नो-लिमिट, पण पॉट मोठा झाला की १०० ची बेट कुणालाच घाबरवू शकत नाही, लोक ड्रॉ (अजून पूर्ण न झालेला हात) घेऊन शेवटपर्यंत येतात. असं टेबल दिसलं तर ब्लफ कमी करा, एवढंच.

रेकही बघून घ्या. प्रत्येक पॉटमधून रूम आपले काही टक्के कापते, तो रेक, आणि त्याला एक कमाल रक्कम असते, दोन्ही आकडे रूममध्ये लावलेले असतात. छोट्या लिमिटच्या टेबलावर ही कमाल रक्कम बिग ब्लाइंडच्या मानाने मोठी पडते, त्यामुळे लहान लहान पॉट जिंकून पुढे जाणं तिथे अवघड होतं.

शेवटचं लिमिट उठतानाचं. २०,००० चे ६०,००० झाले, आता ४०,००० खिशात टाकतो आणि मूळ २०,००० वर खेळतो, हा विचार कुणाच्याही मनात येईल. ते चालत नाही, टेबलावर आलेल्या चिप्स तुम्ही टेबल सोडेपर्यंत टेबलावरच. डीलरला टीप किंवा चहा-नाश्त्याचं वेगळं. पूर्ण उठून कॅशआउट करता येतं, पण तासाभरात परत त्याच खेळात बसायचं म्हटलं तर पुष्कळ रूम तुम्हाला नेलेली सगळी रक्कम परत आणायला लावतात, किती वेळाचं बंधन ते फ्लोअरला विचारा. म्हणजे जिंकत असताना तुमची जोखीम आपोआप वाढत असते. १०० ब्लाइंडने बसलात, आता ३०० ब्लाइंड समोर आहेत आणि पलीकडे तेवढाच खोल, तुमच्यापेक्षा अनुभवी माणूस बसलाय, तर तो सगळा ढीग एका डावात जाऊ शकतो हे मान्य असेल तरच पुढचे पत्ते घ्या. नसेल तर डाव संपल्यावर डीलरकडून चिप्स ठेवायचा रॅक मागून घ्या आणि कॅशियरकडे जा, कुणालाही कारण द्यावं लागत नाही.